डहाळीसकट

एल ओकोतिलो, ८ जानेवारी १९९७

ओतिलियाताई,

तुझं पत्र ट्रकवाल्या नाताल्योनं परवा हातात दिलं. आधी वास आला, मग पत्र. तुझ्या दुकानातली दालचिनी, धूप आणि ते गुलाबी बाटलीतलं अत्तर. पत्र अंगणात दगडाखाली ठेवलं आणि वास उडाल्यावर वाचलं. राग मानू नकोस, हल्ली मला कशानंही मळमळतं.

उत्तर नाही असं आहे. वरच्या ओळीतच लिहून टाकते म्हणजे तू उगाच शेवटपर्यंत वाट बघत बसणार नाहीस.

तू म्हणतेस, माझ्या देल्फिनासाठी चुपारोसा पक्ष्यांची एक जोडी हवी. तिचा तो एफ्राइन मार्चमध्ये सीमेपलीकडे कामाला जाणार, आणि एकदा गेला की पोरीला विसरणार. म्हणून चौदा फेब्रुवारीच्या आत एक नर आणि एक मादी, तांबड्या दोऱ्यात गुंडाळून, बटव्यात घालून तिच्या उशीखाली गेली पाहिजे. बाजारात मिळतात ते फुलं चोखणारे साधे चुपारोसा तुला चालत नाहीत. आपल्याच डोंगरातले तुरेवाले हवेत, तेही आपल्या आईच्या रीतीनं, डहाळीसकट. 'तुझ्या लग्नात याच रीतीनं काम झालं होतं, विसरलीस का?' असंही वर लिहितेस.

नाही विसरले. सव्वीस वर्षं क्रिसोफोरो माझ्यासमोर बसून घेवडा खातोय, विसरेन कशी?

पण ताई, ज्याला दोऱ्यानं बांधून ठेवावं लागतं तो जावई घेऊन आपण काय लोणचं घालायचंय? जाऊ दे की त्याला. पोरगी एकवीस वर्षांची आहे, दोन हात धड आहेत, तुझ्या दुकानात बसून लोकांना नवरे बांधून देते. स्वतःसाठी दोऱ्याशिवाय एक मिळत नाही?

शिवाय यंदा पक्षीच नाहीत. थंडी पडली नाही. थंडी नसली की डहाळीवर मरून राहिलेले सापडत नाहीत, तुला ठाऊक आहेच. वरच्या अंगानं नव्या वस्तीसाठी जंगल तोडलंय, त्यामुळे आता तुरेवाला दिसलाच तर आपल्या कॉफीच्या मळ्यातल्या सावलीच्या झाडांत. तीन वर्षांपूर्वी तो दुर्बिणवाला प्राध्यापक आला होता आठवतं? माझ्या हातची कॉफी पिऊन म्हणाला होता, 'बाई, हा एवढासा पक्षी साऱ्या जगात तुमच्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवरच राहतो, दुसरीकडे कुठेच नाही.' मी म्हटलं, तर मग आमच्याच खोलीत झोपायला येईल एक दिवस. तो हसला नाही.

तेव्हा यंदा काही नाही. देल्फिनाला सांग, आईनं पापा घेतलाय आणि गरम कपडे घालत जा.

हेनोवेवा

एल ओकोतिलो, १७ जानेवारी

ताई,

नाताल्यो तुझा निरोप सगळ्या ट्रकला ऐकवत आला. 'तुमच्या ताई म्हणाल्या, थंडी पडली नाही म्हणणाऱ्या बाईनं स्वतःच्या मुलीला गरम कपडे घालायला का सांगितलं?' भर चौकात. दहा जणं हसली. हुशार आहेसच, लहानपणापासून. खोटं बोलायचं तर मला धड येत नाही.

थंडी आहे. पक्षीही आहेत, थोडे आहेत पण आहेत. मी गेलेही होते, तुझ्या दर जानेवारीच्या मागणीसाठी. सांगते काय झालं ते. जेवताना वाचू नकोस.

तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी, पाच तारखेला, उजाडायच्या आधी बाहेर पडले. चार मिळाले, चारही नर. आईनं शिकवलं तसंच: डोकं मागे पडलेलं, चोच वर, पिसं फुगून गोळा झालेला, डोळे मिटलेले, गार दगड. पंजे तेवढे डहाळीला घट्ट. कात्रीनं डहाळी कापली, टोपलीत ठेवली, वर फडकं. आता आईचा नियम आठव. दोरा पुरा होईपर्यंत पक्ष्याला ऊन लागता कामा नये, चुलीची ऊब लागता कामा नये, नाहीतर गुण जातो. चाळीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नव्हता. बोटं बधिर व्हायची पण ओसरीच्या गारठ्यात बसूनच बांधायचे.

त्या दिवशी घरी पोचले तर शेजारच्या डोन्या एदुविहेसचं डुक्कर माझ्या वाळत टाकलेल्या कॉफीत लोळत होतं! टोपली हाताला येईल तिथं टेकवली आणि काठी घेऊन धावले. डुक्कर, त्याची मालकीण, मालकिणीची सून, सगळ्यांशी भांडून परत यायला बराच वेळ गेला. आणि टेकवली कुठे होती? चुलीच्या कट्ट्यावर, मक्याच्या पातेल्याशेजारी.

आत आले तर भुंगा गुणगुणत होता. फडक्याखाली. मला वाटलं शिरला असेल एखादा. फडकं उचललं.

ताई, एक जण टोपलीच्या काठावर उभा होता. तुरा ताठ, गालांवरची ती नारिंगी पिसं फुलवलेली, आणि थरथरत होता, अख्खा. दुसरा डहाळीवरच बसून पंख चालवत होता, उडायचा नव्हता, नुसते चालवत होता, ताप आल्यासारखा. तिसऱ्यानं माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली, दोऱ्याएवढी. चौथा उशिरा उठला. तोवर पहिला माझ्या कानाजवळून भुंग्यासारखा हळूहळू तरंगत खिडकीतून निघून गेला. त्यांची ती चाल तुला माहीत आहे. मोठे चुपारोसा फुलांवर पहारा देतात, त्यांना चुकवून हा बापडा भुंग्याचं सोंग घेऊन खालून चोरून पितो आणि सटकतो. तसाच सटकला. माझ्याच घरातून.

ते मेलेले नसतात ग! झोपलेले असतात. थंडीत अंगातली धग पार विझवून टाकतात, श्वास दिसत नाही इतका, आणि ऊन आलं की पुन्हा पेटतात. आपण सांगत आलो, 'आम्ही मारत नाही, देवानं डहाळीवर मारून ठेवलेले तेवढेच आम्ही घेतो, मरतानाही डहाळी सोडत नाही असा पक्षी, तसाच तुमचा माणूस तुम्हाला सोडणार नाही.' आई बाजारात हेच बोलायची तेव्हा बायकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. माझ्याही यायचं! तू त्यावर दुकान थाटलंस. आणि आपण जिवंत बांधत होतो. सात वर्षांची होते तेव्हापासून. किती, ते मी मोजणार नाही.

मागच्या अंगणात जाऊन ओकले. दोनदा. क्रिसोफोरोनं विचारलं काय झालं, म्हटलं डुक्कर.

बिचाऱ्या आईला हे कळलं असतं तर तिनं हात तोडून घेतले असते. बरं झालं, न कळताच गेली. तुलाही कळत नव्हतं म्हणून मी तुला दोष देत नाही. आता कळलंय. दुकानातले काढून टाक आणि देल्फिनाला सांग.

हेनोवेवा

एल ओकोतिलो, २७ जानेवारी

ओतिलिया,

ताई म्हणवत नाही आज.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. पण पाठ झालंय. 'वेडे, रडू नकोस. कोणी जिवंत बांधलेले नाहीत. आईला सगळं ठाऊक होतं, मला बाराव्या वर्षी सांगितलं होतं. म्हणून तर आधी मध. मधात शांतपणे जातात, गोड वाटतं त्यांना. तू हळवी म्हणून तुला सांगितलं नाही.'

गोड वाटतं! शी! कसं लिहवलं तुला? ते लिहून झाल्यावर जेवलीस?

मधात कोण धरायचं ते आठवतं का? आई दोरा ओवायची, तू बटवे शिवायचीस, आणि मी. पक्ष्याचं डोकं मधाच्या वाटीत बुडवून तीन प्रार्थना म्हणायच्या, घाई न करता. माझी बोटं लहान म्हणून ते काम माझं. मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. कधीकधी दुसऱ्या प्रार्थनेला बोटांखाली काहीतरी हलायचं. अगदी बारीक. मी आईला म्हटलं होतं, आई, हा हलतोय. ती म्हणाली, 'प्रेम शिरतंय त्याच्यात, धर घट्ट.' आणि मी धरायचे. अभिमानानं धरायचे, माझ्याच हाताखाली प्रेम शिरतं म्हणून!

तेव्हा मलाही ठाऊक होतं, असं म्हण. बोटांना ठाऊक होतं. परवापासून मी त्या हातानं भाकरी थापते आणि मला ती गिळवत नाही. मध तर घरातून टाकून दिला. पोळंच्या पोळं दिलं एदुविहेसला, तिला वाटलं डुकराचं भांडण मिटवायला आले.

आणि मादीचं कोडंही आता सुटलं. जानेवारीत मादी घरट्यावर असते. अक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढं घरटं, कोळ्याच्या जाळ्यानं डहाळीला चिकटवलेलं, आत घेवड्याच्या दाण्यांएवढी दोन अंडी. नर तुरा मिरवत हिंडतो, घरट्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती एकटी ऊब धरून बसते. मग ती गार कशी पडेल? अंडी नासतील. रात्रभर जागीच असते बिचारी. म्हणून मला कधीही डहाळीवर 'मेलेली' मादी मिळाली नाही, एकही नाही, आणि आईला मात्र दर वेळी हवी तेवढी मिळायची. 'तुला नजर नाही,' म्हणायची मला. नजर कसली डोंबलाची! ती घरट्यावरून उचलून आणत होती. अंगावर हात आला तरी ती उठत नाही, अंड्यांवरून.

आईच्या थडग्यावर मी या वर्षी झेंडू घालणार नाही. तू ये आणि घाल.

दुकानाचं तू तुझं बघ. तुझ्यासमोर रडत येणाऱ्या बायकांना काय विकतेस ते तुझ्या देवाला सांग. मला फक्त माझी मुलगी हवी. तिला हे कळायला हवं. मावशीच्या उशाशी झोपून ती काय शिकतेय याची मला आता किळस येते आणि भीती वाटते. तिला इकडे पाठव. तू सांगणार नाहीस, मी सांगेन. मग तिनं ठरवावं, असला नवरा हवा का ते.

हेनोवेवा

एल ओकोतिलो, ६ फेब्रुवारी

ओतिलिया,

पाठवलीस. एक तारखेला आली, लाल ओठ, उंच टाचा, आणि हातात मधाची बरणी. तुझीच बरणी, ओळखली मी.

"आई, मावशी म्हणाली तुझे हात कापतात हल्ली. तू नुसतं झाड दाखव, बाकीचं मी करते."

मी तिला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. डुक्कर, टोपली, चुलीचा कट्टा, घरटं, सगळं. वाटलं, रडेल. तिनं टाचांचे बूट काढले, पाय चोळले आणि म्हणाली, "ठाऊक आहे मला. मावशीनं पहिल्याच वर्षी सांगितलं."

"आणि तरी तू बांधतेस?"

"कोंबडी तू कशी कापतेस? प्रार्थना म्हणून?"

"कोंबडी मी खाते! ती प्रेमात पडावी म्हणून नाही कापत."

"तेच तर. कोंबडी एका जेवणात संपते. याच्यावर माणसाचा जन्म निघतो. तुझा नाही निघाला? बाबा राहिलेच ना?"

ओतिलिया, पोरीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. कारण एवढ्या सगळ्यात हा एक कोपरा मी झाकूनच ठेवला होता. पक्षी जिवंत होते, आई खोटी होती, तू खोटी होतीस, पण गुण तर आला होता ना? लग्नाच्या वर्षी क्रिसोफोरो किनाऱ्याला जाणार होता, त्याच्या काकाच्या होडीवर. गाठोडंसुद्धा बांधलं होतं त्यानं. आईनं मला बटवा करून दिला आणि आठवड्याच्या आत त्यानं गाठोडं सोडलं. एवढं एक तरी खरं होतं. ते खरं राहावं म्हणून मी मनात हात जोडत होते. बघ म्हणजे माझीही लायकी.

देल्फिना म्हणाली, "बाबांनाच विचारू."

तो मागच्या दारी कॉफी चाळत होता. ती त्याला हाताला धरून घेऊन आली. मी पेटीतला बटवा काढून मेजावर ठेवला, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर. म्हटलं, "क्रिसोफोरो, लग्नाच्या वर्षी मी तुला बांधलं होतं. याच्यानं. तुला सांगितलं नाही कधी."

त्यानं बटव्याकडे बघितलं. हात लावला नाही. खुर्ची थोडी मागे सरकवली.

"ठाऊक आहे," म्हणाला. "तुझ्या आईनं दाखवला होता."

"कधी?"

"गाठोडं बांधलं त्या संध्याकाळी. उघडून आतला पक्षी दाखवला. म्हणाली, बांधलेला माणूस सोडून गेला तर वर्षाच्या आत असाच वाळतो. आतून. मग मी गाठोडं सोडलं."

मी विचारलं, "म्हणजे तू मला..."

"घाबरलो होतो, बाई," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांचा होतो. मरायचं नव्हतं."

आणि ओतिलिया, हे त्यानं रागानं नाही सांगितलं. चाळणीला भोक पडलंय असं सांगावं तसं सांगितलं. मला वाटायचं हा माणूस मुळातच गप्प आहे. रस्त्याकडे तोंड करून बसायची त्याला सवय आहे. मी तर लोकांना कौतुकानं सांगायचे, आमचे हे कध्धी कुठे जात नाहीत!

देल्फिनाचा चेहरा उतरला. "बाबा, आणि मी? माझ्या वेळेला?"

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो बिचारा कोणाकडून शिकणार? म्हणाला, "तू झालीस तोवर सवय झाली होती. तू आवडलीस. ते वेगळं."

त्या रात्री कोणी जेवलं नाही. सकाळी देल्फिना उजाडायच्या आधी उठून बाहेर गेली, कात्री घेऊन. मी मागे गेले नाही. अडवायला तोंड नव्हतं मला. ऊन चांगलं वर आल्यावर परत आली. हात रिकामे. पापण्या सुजलेल्या. सापडला नाही का, म्हटलं. "सापडला की. ऊन आल्यावर तो उठतो कसा ते बघायला थांबले," एवढंच म्हणाली, आणि कात्री खिळ्याला अडकवली. एफ्राइनचं नाव तिनं नंतर काढलं नाही. मीही नाही.

बटवा क्रिसोफोरोच्याच समोर पुरला, सावलीच्या झाडाखाली. माती लोटून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "आता गेलो तर काही होणार नाही ना?"

एक्कावन्न वर्षांचा माणूस. केस पांढरे. आणि तोंडावर ती भीती, पोरासारखी. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती, मधाच्या वाटीचीही नाही. म्हटलं, नाही रे बाबा. कधीच काही होणार नव्हतं.

चार दिवस तो घरातली कामं उरकत होता. चपलांचे बंद शिवले. छपराची दोन कौलं बसवली. मी वाट बघत होते, खरं सांगते, रोज सकाळी वाटायचं की आता म्हणेल, जाऊ दे, या वयात कुठे जायचं. एकदा तरी वाटेल त्याला तसं. काल जेवताना म्हणाला, "उद्या पोरीबरोबर ट्रकनं खाली उतरतो. काका नसेल आता, पण होड्या असतीलच."

रागावले असते तर कोणावर? पहाटे उठून भाकरी केल्या, घेवडा केला, मिरची भाजली. फडक्यात बांधलं. नाताल्यो ट्रकवरून ओरडला, "काय डोन क्रिसोफोरो, कुठे दौरा?" तर हा म्हणाला, "समुद्र बघायला," आणि हसला. ओतिलिया, त्याचे पुढचे दोन दात वाकडे आहेत. मला ठाऊकच नव्हतं. इतका मोठा हसलाच नव्हता कधी माझ्यासमोर.

देल्फिना तुझ्याकडे येतेय. बरणी घेऊन येतेय, कॉफीत घालून प्यायला, म्हणाली. तिला दुकानात बसवू नकोस. बसवलंस तरी ती बसेल असं वाटत नाही.

तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता, तोंड रस्त्याकडे. भाकरीचं गाठोडं मांडीवर. वळणाच्या आधी त्यानं हात वर केला. मी पण केला. मग घरात आले आणि दोघांसाठी टाकलेली कॉफी एकटीनं प्यायले.

हेनोवेवा